२८ मिलिमीटरची वाट

जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. एका चौकटीतून जुना नकाशा बाहेर काढत असताना तडा गेलेली काच निखळली, ती नकाशावर पडू नये म्हणून मी उजवा हात पुढे केला आणि तिच्या कडेने माझा हात मनगटाच्या जरा वर, तळहाताच्या बाजूने आडवा कापला गेला. ज्या रुग्णालयात मला प्रथम नेले तिथे जखम धुऊन कातडीला टाके घातले आणि दहा दिवसांनी यायला सांगितले. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर आहे असे मी तेव्हाच म्हटले होते. भुलीच्या इंजेक्शनचा अंमल आहे, उतरेल, असे उत्तर मिळाले. टाके काढताना मी तेच पुन्हा सांगितले, तेव्हा ते सुजेमुळे असल्याचे सांगण्यात आले. दोन्ही उत्तरे ऐकायला बरी वाटणारी होती, म्हणून मी ती मान्य केली. माझ्याकडे येणाऱ्या कागदाबद्दल मालकाने सांगितलेले एक अक्षरही मी तपासल्याशिवाय मानत नाही, पण स्वतःच्या हाताबाबत मला ते सुचले नाही.

खरा प्रकार लक्षात आला तो पाचव्या आठवड्यात, कामावर परतल्यावर. जुने कागद धुण्यासाठी आम्ही ते उथळ ट्रेमध्ये पाण्यात ठेवतो आणि त्या कामात हात बराच वेळ पाण्यात असतात. त्या दिवशी हात बाहेर काढून पुसताना दिसले की करंगळीचे टोक नेहमीसारखे सुरकुतले होते, पण अंगठा, तर्जनी आणि मध्यमा मेणाच्या बोटांसारखी गुळगुळीत होती. सर्वांत विलक्षण होती ती अनामिका. तिचा करंगळीकडचा अर्धा भाग सुरकुतलेला आणि मधल्या बोटाकडचा अर्धा भाग सपाट होता, आणि या दोहोंमधली सीमारेषा बोटाच्या बरोबर मध्यावरून, पट्टीने आखावी तशी गेली होती. पाण्यात भिजल्याने बोटे सुरकुततात ती केवळ कातडी फुगल्यामुळे नव्हे. मज्जातंतूंच्या हुकमावरून बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून, आणि जिथे मज्जातंतू पोहोचत नाही तिथे सुरकुती पडत नाही, हे मला पुढे कळले. हाताच्या मज्जातंतूची एक साधी चाचणी म्हणून ही गोष्ट 1973 सालीच वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली आहे. त्याच आठवड्यात, कागदाची घडी मोडण्यासाठी वापरतो ती छोटी तापवलेली इस्त्री माझ्या तर्जनीला चिकटून राहिली आणि मला ते जळल्याच्या वासावरून समजले. त्यानंतर मात्र मी थांबले नाही.

हाताच्या शस्त्रक्रियेतल्या ज्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे मी गेले, त्यांनी आधी काही विचारण्याऐवजी माझा तळहात उजेडाकडे धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा दुसऱ्या हाताच्या उंचवट्याशी ताडून पाहिला. उजवीकडचा चपटा झाला होता. अंगठा तळहातापासून काटकोनात वर उचला, असे त्यांनी सांगितले; तो उचलला गेला नाही, नुसता बाजूला सरकला. त्यानंतर झालेली ईएमजी तपासणी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातली विद्युत हालचाल नोंदवण्याचा प्रकार, निदानाची खात्री करून घेण्यापुरतीच होती. विश्रांतीत असलेला निरोगी स्नायू गप्प असतो. माझ्या अंगठ्याचा स्नायू मात्र, मज्जातंतूचा संपर्क तुटल्यामुळे, आपल्या आपणच तडतडत होता आणि ती तडतड यंत्राच्या स्पीकरमधून पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखी ऐकू येत होती. मीडियन नावाचा मज्जातंतू पूर्ण तुटला होता.

तुटलेल्या मज्जातंतूचे पुढे काय होते हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले, आणि ते समजल्याखेरीज पुढचे दीड वर्ष मी धीराने काढू शकले नसते. मज्जातंतू ही एक तार नसून हजारो अक्षतंतूंची, म्हणजे संदेश वाहणाऱ्या अतिसूक्ष्म धाग्यांची, जुडी असते. प्रत्येक अक्षतंतूची मूळ पेशी दूर, पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या लगत असते. तार मध्ये तुटली की मूळ पेशीपासून विलग झालेला पुढचा संपूर्ण भाग, अगदी बोटाच्या टोकापर्यंत, विघटित होतो. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून हे दाखवले, आणि आजही त्या प्रक्रियेला त्यांचेच नाव आहे. म्हणून दोन टोके शिवली की वीज पुन्हा सुरू, असे इथे होत नाही. टाके फक्त मार्ग जोडतात. अक्षतंतूंना वरच्या टोकापासून नव्याने वाढत खाली जावे लागते, आणि त्यांचा वेग सरासरी दिवसाला एक मिलिमीटर इतका असतो. विघटनानंतर मागे उरलेल्या पोकळ आवरणांत एका विशिष्ट प्रकारच्या पेशी रांगा धरून उभ्या राहतात, वाढीला पोषक द्रव्ये सोडतात आणि येणाऱ्या तंतूला वाट दाखवतात. या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव असल्यामुळे मराठीत त्यांना ‘श्वान पेशी’ म्हणतात. मी प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले, पण वाट हुंगत पुढे नेणाऱ्या पेशींना याहून चांगले नाव शोधूनही सापडले नसते.

दुखापतीच्या दिवशीच निदान झाले असते तर दोन टोके सरळ जोडता आली असती. मधल्या आठवड्यांत टोके मागे आकसली होती आणि वरच्या टोकाला न्यूरोमा तयार झाला होता. वाट न सापडलेले अक्षतंतू आणि व्रणाचे धागे यांची ती एक गुंतवळ असते. ती कापून निरोगी भागापर्यंत मागे गेल्यावर मध्ये जी पोकळी उरेल, ती ताणून बुजवणे चुकीचे ठरले असते. ताणाखाली शिवलेल्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा घटतो आणि सांध्यात व्रण माजतो. हान्नो मिलेसी या ऑस्ट्रियन शल्यविशारदांनी 1970 च्या दशकात हे ठासून मांडले, आणि तेव्हापासून अंतर असेल तर मध्ये तुकडा घालायचा, ताण द्यायचा नाही, असा शिरस्ता पडला. हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही. कागदाची झीज भरताना कडा ओढून जुळवल्या तर कागद सुकल्यावर आक्रसतो आणि शेजारी नवीन जागी फाटतो, म्हणून आम्हीही तशाच जाडीचे, तशाच धाग्यांचे ठिगळ खळ लावून बसवतो.

तुकडा कशाचा घ्यायचा, यासाठी तीन पर्याय माझ्यापुढे ठेवले गेले. पहिला, आणि डॉक्टरांच्या शब्दांत अजूनही ज्याच्याशी बाकी सर्वांची तुलना होते तो, म्हणजे माझ्याच पायातला सूरल मज्जातंतू काढून इथे बसवणे. तो पोटरीच्या मागून जातो, लांबीला भरपूर मिळतो आणि काढल्याने चालण्यात काही बिघडत नाही. मात्र पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि क्वचित तिथेही न्यूरोमा होऊन दुखत राहते. दुसरा पर्याय कोलॅजेन या प्रथिनाच्या पोकळ नळीचा. दोन्ही टोके नळीत घातली की आत प्रथम द्रव जमतो, त्यातून फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, एक दोर तयार होतो, त्यावरून श्वान पेशी सरकतात आणि त्यांच्यामागून अक्षतंतू. ही कल्पना नवी मुळीच नाही. चुना काढून मऊ केलेल्या हाडाच्या नळ्या वापरण्याचे प्रयोग 1880 च्या दशकात झालेले आहेत. परंतु अंतर जसे वाढते तसा आतला दोर मधोमध बारीक होत जातो, त्यामुळे पोकळ नळी लहान अंतराला आणि बारीक, संवेदनेच्या मज्जातंतूंना बरी. माझा मज्जातंतू जाड होता, संवेदना आणि हालचाल दोन्ही वाहणारा होता, म्हणून डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली.

तिसरा पर्याय होता मृत दात्याच्या मज्जातंतूपासून तयार केलेल्या ग्राफ्टचा, म्हणजे मध्ये बसवायच्या तुकड्याचा. दुसऱ्याचा मज्जातंतू जसाच्या तसा बसवला तर शरीर तो नाकारते. म्हणून प्रक्रियेत डिटर्जंटने त्यातल्या पेशी आणि चरबी धुऊन काढतात, अक्षतंतूंची वाढ रोखणारी काही द्रव्ये विकराने कापून टाकतात, शेवटी किरणांनी निर्जंतुक करून तो गोठवून ठेवतात. मागे राहतो तो कोलॅजेन आणि लॅमिनिन या प्रथिनांचा सांगाडा, ज्यात मूळ मज्जातंतूच्या सूक्ष्म नळ्या जागच्या जागी असतात. अशा सांगाड्यात रुग्णाच्याच वाढवलेल्या पेशी पेरून तो बसवण्यावरही खूप काम चालू आहे. दात्याचा मज्जातंतू मुळीच न वापरता, नान्तोंग इथल्या चिनी संशोधकांनी 2005 मध्ये कायटोसान आणि पॉलिग्लायकोलिक ॲसिड या शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थांच्या कृत्रिम ग्राफ्टने कुत्र्याच्या पायातले 30 मिलिमीटरचे अंतर सांधल्याचे मी नंतर वाचले. मला मिळणार होता तो पेशी नसलेला, नुसता सांगाडा.

“म्हणजे हे कलम नव्हे तर,” मी म्हणाले. डॉक्टर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नाही. कलमातली फांदी जिवंत असते. हा मांडव समजा. वेल तुमचाच.”

मी तिसरा पर्याय निवडला. या निवडीमागे शास्त्र फार नव्हते, हे सांगितले पाहिजे. माझ्या अंतराला पहिला आणि तिसरा दोन्ही पर्याय चालण्यासारखे आहेत, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले होते. शरीराचा आणखी एक भाग बधिर करून घेण्याची कल्पनाच मला नकोशी झाली होती, एवढेच खरे कारण.

शस्त्रक्रिया दुखापतीनंतर आठव्या आठवड्यात झाली. काखेजवळ इंजेक्शन देऊन संपूर्ण हात बधिर केला होता, मी गुंगीत पण जागी होते, आणि पडद्यापलीकडचे बोलणे ऐकू येत होते. बराच वेळ एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता : “अजून.” न्यूरोमाचे टोक ब्रेड कापावा तसे पातळ चकत्यांनी मागे कापत नेतात, आणि प्रत्येक छेदानंतर सूक्ष्मदर्शकातून पाहतात. व्रण असेल तर छेद पांढरा, एकसंध आणि कडक दिसतो. निरोगी भाग आला की आतल्या जुड्या आपोआप फुगून किंचित बाहेर येतात. “आता दिसले” असे ऐकू आले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. अंतर 28 मिलिमीटर भरले आणि 30 मिलिमीटरचा ग्राफ्ट बसवला गेला, कारण तो थोडा सैलच हवा असतो. जो धागा वापरला तो केसाहूनही बारीक असून त्याचे टाके फक्त बाहेरच्या आवरणाला घालतात. नंतर मी सूक्ष्मदर्शकातून घेतलेले छायाचित्र मागून पाहिले : गुलाबीसर पिवळ्या दोन टोकांमध्ये एक अपारदर्शक पांढरा तुकडा, आणि सांध्यांवर पापणीच्या केसांसारखे काळे टाके. माझ्या हातून असे ठिगळ बसले असते तर रंग जुळला नाही म्हणून मी ते काढून पुन्हा केले असते.

तीन आठवडे मनगट स्प्लिंटमध्ये होते. त्या काळात लिहिण्यासारखे काही घडले नाही. डाव्या हाताने पाने उलटत मी वाचत राहिले.

त्यानंतर सुरू झाली ती टिचक्यांची पर्वणी. 1915 मध्ये ज्यूल्स टिनेल यांनी वर्णिलेली ही खूण अगदी साधी आहे. मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलके ठोकत जायचे. जिथपर्यंत वाढते अक्षतंतू पोहोचलेले असतात तिथे ठोकल्यावर बधिर बोटांत मुंग्या येतात. माझ्या थेरपिस्ट दर भेटीत तळहाताकडून वर ठोकत येत, मुंग्या आल्या की मी “इथे” म्हणे, आणि त्या तिथे पेनने आडवी रेघ मारून वरच्या व्रणापासूनचे अंतर वहीत नोंदवत. ही माझ्या उपचाराची एकमेव मोजपट्टी होती, आणि मी तिची इतकी गुलाम झाले की घरी रोज रात्री स्वतःच ठोकून पाहू लागले. रोज ठोकू नका, एका मिलिमीटरचा फरक तुमच्या बोटाला कळणार नाही, असे त्यांनी दोनदा बजावले.

पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास रेघ ग्राफ्टच्या खालच्या टोकाशी आली, म्हणजे मांडव चढून झाला होता. आणि तिथेच ती थांबली. पुढच्या भेटीत तिथेच, त्याच्या पुढच्या भेटीतही तिथेच. ग्राफ्टला सांधे दोन असतात. पहिला ओलांडलेल्या तंतूंना दुसऱ्यावरही व्रण पार करून समोरच्या नळीत शिरावे लागते, आणि इथे रेंगाळणे अनपेक्षित नसते. हे मला ठाऊक होते, तरी ते चार आठवडे मी फार वाईट काढले. सूरल मज्जातंतू घेतला असता तर आत जिवंत श्वान पेशी आयत्या मिळाल्या असत्या, हा विचार मला रात्री झोपू देत नसे. दुसरे घड्याळही चालू होते. स्नायू अनंत काळ वाट पाहत नाही. वर्ष-दीड वर्षात मज्जातंतू पोहोचला नाही तर तो कायमचा निकामी होतो. माझ्या अंगठ्याच्या खात्यातले दोन महिने आधीच, भुलीचा अंमल उतरण्याची वाट पाहण्यात, खर्च झाले होते.

ऐंशीव्या दिवसानंतर रेघ सांधा ओलांडून खाली सरकली. चौथ्या महिन्यात ती मनगटाच्या घडीपासून एका सेंटिमीटरवर होती, सहाव्यात तळहातात. आठव्या महिन्यात, अंगठा उचलण्याचा तोच कंटाळवाणा व्यायाम करताना, अंगठ्याच्या मुळाशी कातडीखाली काहीतरी फडफडले. अंगठा हलला नव्हता, फक्त स्नायू थरथरला होता. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात आणि नुसत्या थरथरीला एक गुण मिळतो. शालेय जीवनात मी कुठल्याही विषयात एका गुणावर इतकी खूश झाले नव्हते.

संवेदना आली ती मात्र ओळखू येण्यासारखी नव्हती. मला वाटले होते की बधिरपणा फिकट होत होत नाहीसा होईल. प्रत्यक्षात वर्षभराने तर्जनीत आली ती आधी जळजळ, मग कापसाचा बोळाही ओरखड्यासारखा लागण्याचा काळ, आणि मग एक गोंधळ ज्याची मला कुणीही पुरेशी कल्पना दिली नव्हती. थेरपिस्टने माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर मधल्या बोटाच्या टोकाला स्पर्श केला आणि मी ठामपणे “तर्जनी” म्हणाले. हजारो अक्षतंतू ग्राफ्टच्या नळ्यांतून गेले खरे, पण प्रत्येक आपल्या जुन्याच पत्त्यावर पोहोचला असे नाही. जो पूर्वी तर्जनीला जात होता तो आता मध्यमेत उतरला होता आणि मेंदू मात्र जुनाच नकाशा वाचत होता. तारा बदलता येत नाहीत, नकाशा बदलता येतो, म्हणून त्यापुढचा सराव मेंदूचा होता : डोळे उघडे ठेवून स्पर्श पाहायचा, डोळे मिटून तोच अनुभवायचा, पुन्हा उघडून ताळा करायचा, दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ.

सरावाला दिलेले मखमल आणि वाळूकागदाचे तुकडे मी लवकरच बाजूला ठेवले आणि कार्यशाळेतले कागद घेतले. चिंध्यांचा हातकागद, टिपकागद, गुळगुळीत छपाईचा कागद आणि दुरुस्तीला वापरतो तो जपानी टिश्यू, असे चौकोन कापून ते मी पिशवीत ठेवत असे आणि न पाहता काढत असे. हातकागद आणि टिपकागद वेगळे ओळखायला मला तीन महिने लागले. टिश्यू आजही उजव्या हाताला हवेसारखाच लागतो. तो चिमटीत आला आहे की नाही हे मला डोळ्यांनी पाहावे लागते.

आकड्यांत सांगायचे तर, वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू टोचून जी चाचणी घेतात तिच्यात सुरुवातीला मला 6.65 क्रमांकाचा, म्हणजे संचातला सर्वांत जाड तंतूच तेवढा कळत होता. आता तर्जनीवर 3.61 कळतो. निरोगी बोटाला 2.83 कळतो. दोन टोके दोन म्हणून ओळखू येण्याचे अंतर निरोगी बोटावर सहा मिलिमीटरच्या आत असते. माझे दीड वर्षाने बारा होते, दोन वर्षांनी नऊ झाले. अंगठा काटकोनात उचलतो, थोडा जोर लावला तर टिकतो, जास्त लावला तर पडतो. गारठ्यात ती तीन बोटे दुखतात आणि पांढरी पडतात. डॉक्टर या निकालाला चांगला म्हणतात, आणि माझ्यासारख्या उशिरा दुरुस्त झालेल्या जखमेसाठी तो चांगलाच आहे हे मला मान्य आहे. फक्त ‘बरा झाला’ हा शब्द मी वापरत नाही. कागदाची जाडी मी आता डाव्या हाताने जोखते. ब्रश उजव्या हातात धरते.

मागच्या तपासणीला, शस्त्रक्रियेनंतर सव्विसाव्या महिन्यात, थेरपिस्टने नेहमीप्रमाणे डोळे मिटायला सांगून एका बोटाला स्पर्श केला. तोंडातून “तर्जनी” निघून गेले. त्या काही म्हणण्यापूर्वीच मी म्हणाले, “नाही, थांबा, मधले,” आणि डोळे उघडून पाहिले तर पेन्सिलीचे टोक मधल्या बोटावर होते.